सशाचा डावा कान

वहिनीला वाकडं काही बघवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं, तर दुसऱ्याच्या घरीसुद्धा उठून ती ते सरळ करून यायची. धंदाच तसा होता. पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ती लोकांचे कपडे दुरुस्त करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कोटाचं अस्तर बदल. मी लावलेलं ठिगळ शोधून दाखवा, अशी गिऱ्हाइकांशी पैज मारायची आणि जिंकायची. नवरा म्हणायचा, हिच्यापुढे तोंड वाकडं करायचीही चोरी, टाका घालून मोकळी होईल.

नवऱ्याची धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहायची. वहिनी तिला वन्सं म्हणायची. वन्संनी लग्न केलं नाही. टेलिफोन ऑफिसात जन्म काढला आणि आता निवृत्त झाल्या होत्या. साऱ्या घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकच काचेचं कपाट होतं, आणि त्यात कापडी ससे. एके काळी या सशांनी जगाला वेड लावलं होतं. नवा ससा आला की दुकानापुढे पहाटेपासून रांग. चांगली शहाणीसुरती माणसं सांगायची, सोनं राहू दे, ससे घ्या, म्हातारपणी हेच कामाला येतील. वन्संनी ऐकलं. पगार हातात आला की कपडालत्ता नाही, चप्पल नाही, ससा. पुढे वेड ओसरलं, लोकांनी आपापले ससे पोरांना चघळायला दिले. वन्संनी मात्र कपाटाला कुणाचा हात लागू दिला नाही.

आता ते विकून त्यांना एक खोली भाड्याने घ्यायची होती. अनामत रकमेपुरते पैसे हवे होते. भावाच्या घरात त्यांना कुणी उणंदुणं बोललं नव्हतं, पण आंघोळीला आधी जाऊ का, पंखा लावू का, असं विचारत विचारतच त्या जगल्या होत्या. एक दार तरी आपल्या किल्लीने उघडावं, एवढीच हौस.

जुनी खेळणी घेणारा व्यापारी दुपारी यायचा होता. सकाळी वन्सं खोली बघायला गेल्या. जाताना कपाटाची किल्ली वहिनीकडे दिली आणि ससे जरा पुसून ठेव म्हणाल्या. वहिनी पुसायला बसली. पुसता पुसता एक राखाडी ससा हातात आला. त्याचा डावा कान चक्क उलटा शिवलेला. गुलाबी अस्तर मागे आणि राखाडी बाजू पुढे. वहिनीचे हात शिवशिवले. कारखान्यातल्या कुणा वेंधळ्याने करून ठेवलंय, उगाच वन्संचे पैसे कापले जातील. तिने कान उसवला, फिरवला आणि असा बेमालूम बसवला की तिची तिलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

वन्सं परतल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. खोलीला छोटीशी गच्ची होती. घरमालकीण संध्याकाळपर्यंत थांबणार होती. चहा पिताना त्यांनी सहज सांगितलं, की बाकीच्या सशांना आता कुत्रंही विचारत नाही, व्यापाऱ्याने फोनवरच स्पष्ट केलंय. तो येतोय एकासाठी. पहिल्या खेपेत मोजक्याच सशांचे कान चुकून उलटे शिवले गेले आणि कारखान्याने लगेच चूक सुधारली. म्हणून मोल आहे ते त्या उलट्या कानाला.

वहिनीने हातातला कप खाली ठेवला. तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने तोंडही उघडलं, पण समोरचा तो चेहरा बघून, चहात साखर बरोबर आहे ना, एवढंच विचारलं. वन्सं आंघोळीला गेल्या तशी ती ससा घेऊन पुढच्या खोलीत शिरली आणि कान उसवून पुन्हा उलटा शिवला. जन्मात पहिल्यांदा ती मुद्दाम चुकीचं शिवत होती. स्वतःच्याच घरात चोरासारखी दाराकडे बघत होती, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की कानाची पाळी तापली.

व्यापारी सज्जन होता. भिंग लावून त्याने कान बराच वेळ पाहिला, मग ससा अलगद टेबलावर ठेवला.

"बाई, हा कान नंतर फिरवलाय. दोरा नवा आहे, सुईची जुनी भोकं शेजारीच दिसतायत. असे बनवलेले ससे माझ्याकडे फार येतात."

बोलता बोलता त्याची नजर पुढच्या खोलीतल्या मशीनकडे गेली. घरात कुणी शिवणारं आहे का, असं त्याने विचारलं. वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी होती.

"आहे ना, माझी वहिनी आहे," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "मला खोटी म्हणा हवं तर. पण तिचं नाव घेऊ नका. माझ्या वस्तूचं मला न विचारता ती काही करायची नाही."

आता बोलायचं, वहिनीने ठरवलं. निदान वन्संवरचा आळ तरी जाईल. पण तिने पाण्याचा पेला तेवढा पुढे केला. व्यापाऱ्याने नमस्कार केला, बाकीच्या सशांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि एका लबाड बाईच्या घरातून बाहेर पडावं तसा निघून गेला. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वन्संनी घरमालकिणीला फोन करून खोली नको म्हणून कळवलं. मग ससा घेऊन त्या खिडकीपाशी बसल्या. कान उलगडून त्यांनी टाका बघितला. शेवटी दोरा दोनदा मागे घेऊन आत दडवायचा, ही एकाच हाताची रीत. त्यांच्या प्रत्येक कपड्याला तोच हात लागलेला होता. ससा त्यांनी वहिनीपुढे धरला.

"वहिनी, याचा कान सरळ करून देतेस? आता असाच कशाला ठेवायचा."

"वन्सं, मी..."

"कळलं मला. दे करून."

ना राग, ना टोमणा. त्या ओरडल्या असत्या तर वहिनीला सुटल्यासारखं वाटलं असतं. तिने सुई घेतली, पण डोळे भरले होते, दोरा काही केल्या ओवता येईना. शेवटी वन्संनीच तिच्या हातून सुई घेतली आणि ओवून दिली.