टाचेखालची चुंबळ

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. बहुतेक वेळा जेवताना... आणि खोटं कशाला बोलू, पुष्कळदा हसतेसुद्धा. पांढरी साडी, उलटे पाय, अमावस्या — म्हटलं, भुतांनाही आता जरा नवीन काहीतरी सुचायला हवं. माझा स्वभावच तिरका आहे. तेव्हा मीच इथे लिहायला बसले आहे हे वाचून माझ्या ओळखीचे लोक आधी तारीख बघतील, एक एप्रिल तर नाही ना म्हणून. पण डोक्यातून जात नाही, म्हणून सांगते.

मी रत्नागिरीत नाचणे रोडला राहते, तिसऱ्या मजल्यावर. एका संस्थेसाठी संशोधन करते. विषय असा — घरात कोणी अंथरुणाला खिळलं की त्या घराला खर्च किती येतो, तो कोण उचलतं, सरकारी योजनांमधून त्यातलं काय पदरात पडतं. औषधं, रिक्षा, डायपर हे लोक तोंडपाठ सांगतात. अडतं ते फुकटच्या कामापाशी. सून रात्री उठते, मुलगी नोकरी सोडते, त्याची पावती कुठे असते? आम्ही ते तास विचारतो आणि बाजारभावाने त्याचा खर्च धरतो. "सेवेचा कसला भाव काढता?" म्हणून एका आजोबांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. त्यांची सेवा करणारी बायको मागे उभी होती. 

आणि हे सगळं मोजत फिरणारी मी... माझ्याच घरात आई अंथरुणावर. अर्धांगाच्या झटक्यात तिची उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, स्वतःहून कूसही बदलता येत नाही. दिवसा सुवर्णाताई तिला सांभाळायला यायच्या, उरलेला वेळ मी. भाऊ पुण्याला असतो. त्याने तिकडच्या एका केअर सेंटरमध्ये बेड बघून ठेवला होता आणि महिनाअखेरपर्यंत सांग म्हणून रोज फोन करत होता. आईला विचारलं की ती नुसता डाव्या हाताने माझा हात धरून ठेवायची. सुटता सुटायचा नाही तो. मग मी दिवसभर लोकांच्या ओट्यावर बसून प्रश्न विचारायचे आणि एक डोळा फोनवर. धड तिथे नाही, धड घरी नाही.

अशात इथल्याच मांडवी बंदराजवळच्या एका घरी गेले. घरातले बाबा पूर्वी मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, आता लकव्याने पडून. मुलगा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर, आठ-आठ दिवस समुद्रात. सून प्रमिला पहाटे बंदरावर जाऊन मासळी घेते आणि बाजारात विकायला बसते. दुपारी एकदा येऊन बाबांना भरवून जाते, की पुन्हा संध्याकाळपर्यंत बाजार. म्हणजे दिवसाचे कितीतरी तास बाबा एकटे. मी नेहमीचा प्रश्न विचारला, दिवसा यांच्याकडे कोण बघतं?

"आय बगत्ये," प्रमिला म्हणाली.

"आय म्हणजे?"

"माजी सासू. ही काय." तिने भिंतीकडे बोट केलं. कपाळभर कुंकू लावलेल्या एका बाईचा फोटो होता, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार.

मी पेन खाली ठेवलं. प्रमिला मात्र पालेभाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "आय पन पाटीच घ्यायची डोक्यावर, मासळीची. तिच्या दोन चुंबळी हायत. मी जाताना खुंटीला लावून जात्ये. येऊन बगत्ये तर बाबांच्या टाचेखाली. कूस बदललेली, कापडं सुकी."

चुंबळ म्हणजे डोक्यावर पाटी घेताना खाली ठेवतात ती कापडाची पिळदार गोल गुंडाळी. हिरव्या लुगड्याच्या तशा दोन चुंबळी बाबांच्या टाचांखाली होत्या, टाचा अधांतरी, कुठेही न टेकणाऱ्या. मी पाय बघितले, पाठ बघितली. पडून पडून माणसाला जखमा होतात, अगदी चांगल्या घरांत होतात, मी खूप पाहिल्या आहेत. इथे साधा लाल डागही नव्हता. मला वाटलं, शेजारची कोणीतरी बाई येत असणार आणि हिला ते सांगायचं नसणार. मी खर्चापुढे शून्य टाकलं आणि उठले.

चपला घालता घालता फोटोकडे बघून म्हटलं, "आजी, आमच्याकडेही एखादी चक्कर टाका की. आमच्या आईलाही गरज आहे."

अशी थट्टा मी करतेच. प्रमिला हसली नाही.

"असं बोलवू नये ताई," ती म्हणाली. "ती कुनाला न्हाय म्हनत न्हाय."

पुढच्याच आठवड्यात मला राजापूरला जायचं होतं. दुपारी तिथल्या एका घरी बसले असताना सुवर्णाताईंचा फोन. त्यांची सासू विहिरीपाशी घसरून पडली होती आणि दीर रिक्षा घेऊन खाली उभा होता. "आईंना जेवायला घातलंय, झोपल्यात. मला देवरुखला गेलंच पाहिजे हो. तुम्ही तीनपर्यंत याल ना?" नाही कसं म्हणणार? त्या दार ओढून गेल्या; कुलूप लॅचचं, आत कोणी आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. घराच्या चाव्या दोनच, एक त्यांच्याकडे, एक माझ्या पर्समध्ये. मी समोरच्या माणसाचं बोलणं अर्धवट तोडून स्टँडवर धावले आणि मिळाली ती एसटी पकडली.

पालीपर्यंत गाडी बरी आली. हातखंब्याच्या अलीकडे जी थांबली ती थांबली. पुढे टँकर आडवा झाला होता. "क्रेन येस्तवर काय हलनार न्हाय," कंडक्टर म्हणाला आणि त्याने चक्क डोळे मिटले. मी खाली उतरले, पुढे चालत गेले, परत आले, पुन्हा चढले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बसा हो जरा, तुमच्या चालण्याने टँकर उभा राहणार आहे का?" बरोबर होतं त्यांचं. पण आई एकाच कुशीवर, ओली, तहानलेली, हाक मारायला आवाज नाही... मला बसवेना. इतकी हतबल मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

शेवटी शेजारच्या लिमयेकाकूंना फोन केला. म्हटलं, दाराला कान लावून काही ऐकू येतंय का बघा. काकू फोन घेऊनच गेल्या.

"अगं, आहे ना सुवर्णा," त्या म्हणाल्या. "बादलीत पाणी ओतल्याचा आवाज येतोय. बेल वाजवली, पण उघडत नाहीये. आईला पुसत असेल."

मला रडूच आलं. सुवर्णाताई परत आल्या असणार. रस्त्याच्या कडेला शेंगा घेतल्या, सकाळपासून पोटात काही नव्हतं. आणि त्यांचे आभार मानायला फोन लावला.

"ताई, मी देवरुखात आहे," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचा एक्सरे चाललाय. का हो?"

शेंगा हातात तशाच राहिल्या. काकूंना परत फोन केला. त्यांनी पुन्हा बेल वाजवली, दार ठोकलं. आता आत काहीच आवाज नव्हता. चोर म्हणावं तर लॅच होतं तसंच बंद होतं.

घरी पोचले तेव्हा सूर्य बुडत होता. काकू जिन्यात उभ्या होत्या. माझ्या हातातून चावी घेऊन ती त्यांनीच फिरवली.

आई डाव्या कुशीवर होती, खिडकीकडे तोंड करून. सुवर्णाताईंनी तिला उताणी झोपवलं होतं, हे त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं. अंगाखाली कोरडी, धुतलेली चादर. ओली चादर बाथरूममध्ये बादलीत भिजत घातलेली. आणि पांघरूण बाजूला केलं तर दोन्ही पायांखाली चुंबळी होत्या. माझ्याच दोन सुती ओढण्यांच्या, सकाळी मी गॅलरीत दोरीवर वाळत घातल्या होत्या त्या. घट्ट पीळ, टोक आत खोचलेलं. टाचा अधांतरी.

काकू म्हणाल्या, "हे कोणी केलं गं?" आणि जपमाळ आणायला त्यांच्या घरी गेल्या.

आईने डोळे उघडले. माझ्या मागे, दाराकडे बघितलं.

"गेली?" तिने विचारलं.

"कोण आई?"

बराच वेळ ती शब्द जुळवत राहिली. मग म्हणाली, "घाईत होती... बिचारी."

त्या रात्री मी आईचा हात धरून बसून राहिले. भीती वाटली का म्हणाल, तर खरं सांगते, कमी वाटली. कुणीतरी माझ्या आईला कोरडं केलं होतं, मी नसताना. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. ती घाईत का होती, हा विचारच तेव्हा डोक्यात आला नाही.

दोन दिवसांनी मांडवीला गेले. काय बोलायचं ते रिक्षात ठरवत होते. प्रमिला दारातच बसली होती, मला बघून उठली.

"ताई, परवा आय आली न्हाय," ती म्हणाली. "दुपारी भरवून ग्येले तवा बरे व्हते बाबा. सांजची आल्ये तर तस्सेच, त्याच कुशीवर. भिजलेले. चुंबळी खुंटीला. असं कदी झालं न्हवतं."

बाबांच्या उजव्या टाचेला फोड आला होता. नाण्याएवढा, कातडी सुटलेली. मी बघत राहिले. 

माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं. "तुमच्याकडं आल्ती?"

मी मान हलवली. ती चिडेल, हाकलून देईल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"बरी हाय ना तुमची आवस?" तिने माझ्या आईची चौकशी केली.

आमच्या विषयात अगदी सुरुवातीला शिकवतात की काळजी फुकट नसते, एका ठिकाणची काढूनच ती दुसरीकडे जाते. मी हे वाक्य सभांमधून किती वेळा ऐकवलं आहे, लोकांनी माना डोलावल्या आहेत. त्या दिवशी त्या टाचेकडे बघताना मला ते पहिल्यांदा समजलं. जाताना फोटोसमोर उभी राहिले आणि हळूच म्हटलं, आता येऊ नका. प्रमिला मागून म्हणाली, "सांगून काय उपेग? तुमी आवशीला एकटी टाकू नका, म्हंजे झालं."

पुण्याचा बेड मी नाकारला. भावाला कारण सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्याने माझ्यासाठीही एक बेड बघितला असता. तोच आता दुसऱ्या ताईंचा पगार देतो, त्यामुळे घरात सतत कोणीतरी असतं. मी संध्याकाळी जमेल तेव्हा मांडवीला जाते, बाबांची पट्टी बदलते. जखम भरते आहे, पण हळू.

कारणं शोधून झाली. काकूंनी ऐकलं ते वरच्या मजल्यावरचं पाणी असेल. झटक्यानंतर आई काहीबाही बोलतेच. सुवर्णाताई घाईत काय केलं ते विसरल्या असतील. एकेक कारण पटतं, सगळी एकत्र ठेवली की पटत नाहीत. ओढणीची चुंबळ मी स्वतः करून बघितली, दर वेळी सुटते. सुवर्णाताईंचीही सुटली. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, पण मला नाही वाटत सुचेल.

एवढंच सांगते. परवा पुन्हा लांज्याहून येताना गाडी अडकली. घरून दुसऱ्या ताईंचा फोन आला, त्यांना जरा लवकर निघायचं होतं म्हणून. आई एकटी पडेल, हे ऐकलं आणि मी उठून उभी राहिले. पण मी फोन काकूंना लावला नाही. प्रमिलाला लावला. म्हटलं, बाजारातून लगेच घरी जा, बाबांजवळ बस.