पुलावरच्या बैलगाड्या

माणूस गेला की त्याचे किस्से आपोआप जमा होतात. जिवंतपणी मात्र कितीही खोदून विचारलं तरी तो एखादाच सांगतो. दत्तूच्या टपरीवर सकाळी चहाला बसणाऱ्या आम्हा रिकामटेकड्यांचं पायलटकाकांच्या बाबतीत तसंच झालं.

एकाहत्तरच्या लढाईत काका टेहळणीचं विमान उडवायचे. निवृत्तीनंतर कोपरगावात स्थायिक झाले.

\*

पहिल्याच दिवशी दत्तूनं विचारलं, "काका, किती इमानं पाडली?"

"एकही नाही. माझ्या विमानात बंदूकच नव्हती. कॅमेरा होता."

"मंग लढाईत केलं काय?"

"फोटो काढले."

दत्तूनं आठवडाभर विचार केला आणि मेहुण्याच्या लग्नाच्या फोटोंची ऑर्डर काकांना दिली. काकांनी आहेर पाठवला, स्वतः गेले नाहीत.

\*

हंगामात उसाच्या बैलगाड्या पुलावरून कारखान्याला जातात. काका पुलाच्या तोंडाशी स्कूटर लावायचे आणि शेवटची गाडी पलीकडं जाईपर्यंत हलायचे नाहीत.

तिसगावकडच्या एका गाडीवानाला वाटलं, हा फॅक्टरीचा माणूस. त्यानं हात जोडले. "सायेब, आमी काय केलं न्हाई."

"माहीत आहे रे," काका म्हणाले. "तू आधी पूल उतर."

\*

फार छळल्यावर काका एकदाच बोलले. त्यांनी वरून एका पुलाचा फोटो काढला. पुलावर बैलगाड्या होत्या, भांडीकुंडी आणि गाद्या लादलेल्या. तो फोटो बघून बॉम्बर गेले. पूल पडला का हे बघायला पुन्हा काकांनाच पाठवलं. दुसऱ्या फोटोत पूल नव्हता.

"आणि गाड्या?" मी विचारलं.

"मधला फोटो कुणी काढलाच नाही."

ते उठून गेले.

\*

दवाखान्यात शेवटी शुद्ध जात-येत होती. "गाड्या उतरल्या का?" एवढंच विचारायचे. नर्सला वाटलं, पाहुणे यायचेत. "हो काका, पार्किंगला लागल्या," ती म्हणाली. उशाशी बसलेल्या काकूंनी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

\*

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर नुसती गर्दी, खाली एक येईल तर शपथ!

परदेशातून आलेला मुलगा म्हणाला, "आईला मी सांभाळीन." पुतण्या म्हणाला, "घर विकणार नाही." दत्तूसुद्धा पुढं झाला. "काका, त्या ऑर्डरीचा राग धरू नका."

ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा काकू पदर सावरत पिंडाजवळ गेल्या.

"अहो, गाड्या उतरल्या हुत्या. समद्या पलीकडं गेल्या हुत्या. मी सांगते ना."

मुलानं माझ्याकडं वळून विचारलं, "कुठल्या गाड्या?"

पिंडावर कावळा बसला होता.