अर्सिन मूटनच्या गाण्यावर कोणी नाचत नाही

रविवारी दुपारी चर्च सुटलं की आमच्याकडची माणसं दोनच ठिकाणी सापडतात. एक तर रेसच्या मैदानावर, नाही तर लॅन्ड्रीच्या नाचाच्या हॉलमध्ये. पहिल्या ठिकाणी अर्सिन मूटननं वीस वर्षं राज्य केलं. अख्ख्या लुइझियानात त्याच्या तोडीचा जॉकी नव्हता. उंची जेमतेम पाच फूट, म्हणून सगळे त्याला टी-अर्सिन म्हणायचे, म्हणजे छोटा अर्सिन. पण म्हणताना टोपी काढून म्हणायचे.

मग एका वळणावर घोडा अंगावर पडला आणि कंबरेचं हाड मोडलं. डॉक्टरनं सांगितलं, आता घोडे लांबूनच बघायचे. दुसरा कोणी असता तर गुरं पाळून सुखानं बसला असता. ह्याला गायक व्हायचं होतं! कंट्री गाणी गायची होती, ती आपली सोडून गेलेल्या बायकोची आणि लांबच्या रस्त्याची. आता ह्याची बायको ओडील कुठे गेली नव्हती, घरीच होती, पण गाणाऱ्याला कोण अडवणार.

ह्या वेडाचं मूळ जॉकींच्या वाफेच्या खोलीत होतं. शर्यतीआधी वजन उतरवायला सगळे टॉवेल गुंडाळून तिथे घाम गाळत बसायचे. तेव्हा अर्सिन गायचा आणि बाकीचे वाहवा करायचे. करतील नाही तर काय? उघडे, उपाशी, आणि घाम निघाल्याशिवाय उठायची सोय नाही. असल्या श्रोत्यांच्या वाहवेवर जाऊ नये, एवढं त्याला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

ते कोणी सांगितलं नाही, आणि हॉलच्या मालकानं, ड्यूई लॅन्ड्रीनं, पाटीवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लावलं. पाच महिने हॉल भरत होता. टाळ्या पडत होत्या, लोक फोटो काढून घेत होते, पुढच्या शर्यतीत कुठला घोडा पहिला येईल ते कानात विचारत होते. फक्त नाचत कोणी नव्हतं.

आता आमच्याकडे गाणं बसून ऐकायची पद्धतच नाही. आजी नातवाला घेऊन उठते, नवरा-बायकोचं भांडण झालेलं असलं तरी दोघं उठतात, घरी जाऊन पुन्हा भांडतात. फरशी रिकामी राहिली तर गाणाऱ्यानं काय ते समजावं. अर्सिनच्या गाण्यावर जोड्या उठायच्या, पण शेवट येईपर्यंत एकेक जोडी हळूच खुर्चीवर जाऊन बसायची.

"माझ्याकडे बघायला थांबतात गं," गाडीत बसल्यावर तो ओडीलला सांगायचा.

"असेल," ती खिडकीबाहेर बघत म्हणायची. लग्नाआधी हीच ओडील त्याला एक गाणं खाली बसू देत नसे. तिनं एकदा आपल्या गाण्यावर तसं नाचावं, एवढीच त्याची इच्छा होती. बाकीच्या टाळ्या गेल्या खड्ड्यात.

त्या रविवारी ती खरंच उठली, भावाबरोबर. दोन कडवी छान नाचली. शेवटच्या कडव्यात तिचा पाय अडखळला, मग भावाचा. भाऊ हसला, ती हसली नाही. तिनं रंगमंचाकडे बघायचं टाळलं आणि जाऊन बसली. अर्सिननं ते वरून पाहिलं. गाणं त्यानं कसंबसं संपवलं.

मध्यंतरात तो हॉलच्या मागे गेला. तिथे यूला मे उलट्या टोपलीवर बसून बूदँ खात होती, आमचं ते भात भरलेलं सॉसेज. ही बँडची ड्रम वाजवणारी, साठी उलटलेली बाई.

"यूला मावशी, खरं सांग. लोक का नाचत नाहीत?"

"खा आधी. गरम आहे."

"मावशी."

तिनं बोटं पुसली. "तू गातोस कुठे? तू पळवतोस. पहिली कडवी लगाम खेचून मागे मागे, आणि शेवट दिसला की चाबूक. मी म्हातारी काठ्या आपटत तुझ्यामागे धावते. अरे, नाचणाऱ्याला कुठे पोचायचं असतं? त्याला तिथल्या तिथे गोल फिरायचं असतं."

अर्सिनचे कान तापले. तरी तो हसला. "मग पाच महिने तोंडाला कुलूप का लावलं होतंस?"

"चॅम्पियनला कोण बोलणार? आणि ड्यूईनं बजावलं होतं, जास्त बोलशील तर नेल्विनशेजारी दारात उभी करीन."

"कोण नेल्विन?"

यूला मेनं तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला. "नेल्विन द्यूगा. दारात पैसे घेऊन लोकांच्या हातावर शिक्का मारतो, तो. तू येईपर्यंत ह्या बँडचा गायक तो होता. तुला ठाऊक नाही?"

नव्हतं ठाऊक. ड्यूई म्हणाला होता, जागा रिकामी आहे. कशी रिकामी झाली, हे ह्यानं विचारलं नव्हतं. उलट पहिल्याच रविवारी दारातल्या त्या माणसाकडे गाडीची किल्ली फेकून म्हणाला होता, "सावलीत लाव रे." आणि नेल्विननं लावली होती.

आणि हीच गोष्ट एकदा त्याच्यावरही गुदरली होती. एकोणीस वर्षांचा असताना एक घोडी त्यानं पहाटे उठून उठून तयार केली होती. ती दुसऱ्या कोणाला पाठीवर बसू देत नसे. मोठ्या शर्यतीच्या दिवशी मालकानं त्याला उतरवून न्यू ऑर्लिन्सचा नावाजलेला जॉकी बसवला. लोकांना नाव लागतं, म्हणाला. तबेल्याच्या भिंतीला टेकून अर्सिन रडला होता. दुसऱ्याच्या खालून घोडा काढून घेणाऱ्याला तो जन्मभर चोर म्हणत आला. आता त्याला स्वतःचं तोंड कुठे लपवावं कळेना.

मध्यंतर संपल्यावर तो माइकपाशी गेला, पण गायला नाही. "नेल्विन द्यूगा, वर ये," म्हणाला. बारपाशी ड्यूई दोन्ही हातांनी नको नको करत होता. नेल्विन दारातून हलेना. शेवटी लोकांनीच त्याला पुढे ढकललं. तो वर आला, शाईचे हात पँटला पुसले, गिटार गळ्यात अडकवली, डोळे मिटले आणि गायला लागला.

पहिली ओळ संपायच्या आत फरशी भरली. म्हाताऱ्या उठल्या, बारपाशी बसलेले हातातले ग्लास टाकून उठले. ओडीलनं भावाला ओढलं. तिचा तो जुना झोका, ते मान मागे टाकून हसणं, अर्सिननं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला बरं वाटायला हवं होतं. जळफळाट झाला, आणि त्याची आणखी लाज वाटली.

गाणं संपलं तशा टाळ्या झाल्या, आणि कोणीतरी ओरडलं, "टी-अर्सिनचं मन मोठं!" मग सगळा हॉल त्याच्याच नावानं टाळ्या पिटू लागला. क्षणभर त्याची छाती फुगलीसुद्धा. काय म्हणावं ह्या माणसाला.

तो नेल्विनजवळ सरकला. "मला माहीत नव्हतं रे. माझ्याखालूनही एकदा घोडा असाच काढून घेतला होता."

नेल्विन गिटारची तार जुळवत होता. "त्याचा राग केव्हाच गेला. धंदा ड्यूईचा आहे, त्याला नाव हवं होतं. पण अर्सिन, घेतलंस तर निदान शिकून घ्यायचं होतंस. पाच महिने दारात उभा राहून माझीच गाणी ऐकतोय मी. कानात बोटं घालायची, तर हातात शिक्का."

 हे तो साधेपणानं बोलला आणि पुढच्या गाण्याला लागला.

अर्सिन मागच्या पायऱ्यांनी खाली उतरला. फरशीच्या कडेकडेनं, लंगडत, दारापाशी गेला. तिथे स्टुलावर शिक्का तसाच पडलेला होता आणि एक उशिरा आलेलं जोडपं हात पुढे करून ताटकळत उभं होतं. त्यानं शिक्का उचलला.

"आज चॅम्पियन गातोय का?" माणसानं त्याच्या डोक्यावरून आत बघत विचारलं.

"नाही," अर्सिन म्हणाला. "नेल्विन."

"देव पावला," तो माणूस म्हणाला आणि बायकोचा हात धरून घाईनं नाचायला गेला.