मास्तरांनी अर्धं ठेवलेलं छत

सुजाताचा फोन आला तेव्हा मी शनिवार पेठेतल्या आमच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या मागच्या सीटच्या जागी पाट टाकून बसले होते आणि मास्तरांची वाट बघत होते. "काकू, बाबा गेले," ती म्हणाली. "सकाळी उठलेच नाहीत." मी वर बघितलं. गाडीच्या छताचं कापड मागच्या बाजूला चिकटलेलं होतं. बाजूच्या आणि पुढच्या काचेवरच्या कडा मात्र कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी नुसत्या धरून ठेवलेल्या. आदल्या संध्याकाळी रिक्षात बसताना मास्तर म्हणाले होते, "आज ताणलंय, बसू द्या त्याला. उद्या ढिलं पडलेलं असेल. पुन्हा ताणू आणि मग चिकटवू..." त्याला आता दोन महिने होतील.

गायकवाड मास्तर म्हणजे मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावरचे कुशनवाले. ट्रक-टेम्पोच्या सीटा शिवण्यात त्यांची हयात गेली, पण जाणकार त्यांच्याकडे जायचे ते जुन्या मोटारींच्या छतासाठी. गाडीत बसल्यावर डोक्यावर जे कापड दिसतं, ते हल्ली पुठ्ठ्यावर चिकटून कारखान्यातूनच येतं. जुन्या गाड्यांत ते लोखंडी सळ्या ओवून मांडवासारखं टांगायचं आणि चहूबाजूंनी असं ताणायचं की एक सुरकुती दिसता कामा नये. पुण्यात हे काम मनापासून करणारे आता किती उरलेत कोण जाणे. मास्तरांना त्याचीच काळजी होती.

त्यांची माझी ओळख माझ्या आगाऊपणामुळे झाली. आमची ही गाडी विलायती, दोन दारांची, इतकी बुटकी की साडी नेसून तिच्यातून उतरणं म्हणजे विहिरीतून वर येणं. हौस सगळी आमच्या ह्यांची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, शिवणकामाच्या डिप्लोमात पहिली आलेली आणि जगात जे जे कापडाचं आहे ते आपल्याला येतं अशा समजुतीत वावरणारी. अशा मुली मला आता दिसल्या की मी रस्ता बदलते. गाडीचं छत लोंबायला लागलं म्हणून ह्यांनी मास्तरांना बोलावलं. तेही तिशीच्या आतलेच. त्यांनी तीन दिवस लागतील म्हणून सांगितलं, तर मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, "एवढ्याशा कापडाला तीन दिवस? मी एका दुपारी चार साड्यांना फॉल लावते." मास्तर शांतपणे म्हणाले, "अंगावरचं कापड अंग धरून ठेवतं, वहिनी. छताला कापडानेच स्वतःला धरायचं असतं." मला वाटलं, गिऱ्हाईक पटवायची बोली.

त्यांना निरोप दिला आणि मी स्वतः छत लावलं. पडद्याचं फुलाफुलांचं कापड आणि घरी शिजवलेली मैद्याची खळ. पहिला आठवडा मी शेजारणींना खाली नेऊन दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात झुरळं आली. तिसऱ्या आठवड्यात, लकडी पुलावर, सगळं छत सुटून आम्हा दोघांच्या मधोमध पडदा होऊन लोंबलं. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, पलीकडून आवाज आला, "एक अंतरपाट लग्नात झाला होता. हा कशाबद्दल?" दुसऱ्या दिवशी मास्तर आले. त्यांनी कापड नाकाशी नेलं आणि एवढंच म्हणाले, "मैदा ताजा होता." मग त्यांनी जे छत चढवलं ते ह्यांच्यानंतरही टिकलं.

गाडी मात्र कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. गेल्या वर्षी माझी नात जुई हिने मनावर घेतलं, इंजिन झालं, रंग झाला. छताचं कापड जीर्ण होऊन त्याचा भुगा झाला होता, म्हणून मी मास्तरांच्या दुकानात गेले. त्यांचा उजवा हात थरथरत होता; अर्धांगाचा हलका झटका येऊन गेलेला. मशीनवर त्यांची मुलगी सुजाता रिक्षाची सीट शिवत होती. दुकान आता तीच बघते. मान वर न करता म्हणाली, "बाबा छतं करत नाहीत आता, काकू. आणि मी शिकले नाही. मान मोडते, आणि विचारतंय कोण?"

चहाच्या निमित्ताने मास्तरांनी मला बाहेर आणलं. "वहिनी, तिच्या हातात आहे. मी ओळखतो हात. पण मी शिकवायला लागलो की ती उठून जाते, लहानपणापासूनचं आहे." मग घोटभर चहा घेऊन म्हणाले, "तुम्ही शिका. मी तुम्हाला मोठ्याने शिकवतो. तिला फक्त सळ्या धरायला बोलावू. ऐकेल."

"माझं वय बघितलंत का?"

"वयाचं नाही. तुमचं काम बघितलंय. तुम्हाला करताना बघून कुणाचेही हात शिवशिवतील."

इतका मोठा अपमान मी इतक्या आनंदाने कधी गिळला नव्हता. तर असा आमचा दोन म्हाताऱ्यांचा कट. कापड शिवून झाल्यावर ते आधी उन्हात पसरलं, घड्या मोकळ्या व्हायला. सळ्यांवर खडूने आकडे घातले, कारण प्रत्येकीचा बाक निराळा असतो आणि एक इकडची तिकडे झाली की छताला पोक येतं. गाडीच्या बरोब्बर मध्यावर रेघ मारली. मी आत आडवी होऊन हात वर करायचे आणि मास्तर दाराशी स्टुलावर बसून ओरडायचे. "ओढू नका वहिनी, बोलवा कापडाला. सोल्यूशन लावलं की लगेच दाबायचं नाही. बोटाच्या मागच्या बाजूने बघा, चिकटतंय पण सोडतंय, असं झालं की मग." माझ्या केसांना सोल्यूशन लागलं ते शेवटी कात्रीने काढावं लागलं. सुजाता सांगितलेली सळी द्यायची, धरायची आणि उरलेला वेळ कानात इयरफोन घालून बॉनेटपाशी बसायची. एकदाही आत डोकावून तिने काही विचारलं नाही. त्या शेवटच्या संध्याकाळी मास्तर रिक्षात बसताना हळूच म्हणाले, "नाही ऐकत ती." मी म्हटलं, "ऐकते." कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, पण छताचा विषय काढायचं धाडस मला झालं नाही. छत तसंच लटकत होतं. जुईने एक वर्कशॉप शोधून काढलं. "आजी, ते सगळं काढून नवीन बसवतील, दोन दिवसांत." ती चूक नव्हती. पण ते काढलं असतं तर मास्तरांनी आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात घसा फोडून जे सांगितलं होतं ते एका अडाणी म्हातारीपाशी राहिलं असतं आणि माझ्याबरोबर संपलं असतं. मी आधी एकटीने कड ताणून बघितली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशी सुरकुती पडली की कापड मला हसतंय असं वाटलं.

मग मी सुजाताला फोन लावला. "काही नाही गं, सहज. छत उरकून टाकतेय. हातात कात्री आहे, पुढे जास्तीचं कापड लोंबतंय ते आधी कापते आणि मग चिकटवते."

पलीकडे मशीन थांबलं. "काकू, कात्री खाली ठेवा. चिकटल्याशिवाय कापायचं नसतं, ताणायला धरणार काय?"

"असं होय? तुला कुणी सांगितलं?"

"कात्री खाली ठेवा. मी येतेय."

कात्री वर घरात, शिवणाच्या डब्यात होती.

ती आली आणि म्हणाली, "बाजूला व्हा." मी जन्मात इतक्या आज्ञाधारकपणे बाजूला झाले नसेन. सगळे चिमटे तिने काढले, मध्यापासून एकेक मूठ कापड बाहेरच्या बाजूला नेलं, पुन्हा चिमटे लावले आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा ताणलं, सोल्यूशन लावलं आणि बोट उलटं करून वाट बघत राहिली. मी दाराशी स्टुलावर बसले होते, अगदी गप्प, म्हणजे माझ्या मानाने. मास्तर शिकवत असताना तिचे इयरफोन चालू नसायचे, हे तिने मला आपणहून सांगितलं, कापडाकडे बघतच. "बाबा समोर बोलले असते तर मी भांडले असते... असं ऐकायला बरं वाटायचं." बोलताना तिचा हात थांबला नाही.

पुढची कड बसली. बाजूच्या बसल्या. जास्तीचं कापड तिने शेवटी कापलं. मागच्या उजव्या कोपऱ्यात, मास्तरांनी माझ्याकडून करून घेतलेल्या भागात, बोटभर सुरकुती होती. तिने केटलीत पाणी उकळून आणायला सांगितलं, वाफ दिली, तळव्याने दोनदा पुसलं. सुरकुती गेली. मी म्हटलं, हे नव्हतं मास्तरांनी शिकवलं. "बाबा वाफेला घाबरायचे," ती म्हणाली. "कापड आखडेल म्हणायचे. मी सीटांवर करून बघितलंय, नाही आखडत."

मग आम्ही दोघी पुढच्या सीटवर टेकून वर बघत राहिलो. सोल्यूशनचा वास होता, आणि डोक्यावर वीतभर अंतरावर ते पांढुरकं, सपाट, ताठ कापड. सुजाताने मधल्या सळीच्या जागी बोट टेकवलं आणि जरा विचार करून म्हणाली, "पुढच्या गाडीला मी मागून नाही, इथून सुरुवात करीन."

कुठली पुढची गाडी, ते मी विचारलं नाही.