पत्रिका उघडायची घाई

आधी चहा सांगा, कारण ही फजिती कोरड्या घशाने सांगण्यासारखी नाही. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल!

शहाद्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. स्क्रीन बदलता बदलता मी गिऱ्हाइकाला फुकट प्रवचनही देतो. ‘काका, अनोळखी फाइल उघडू नका. ओटीपी कुणाला सांगू नका. बँक असा फोन करतच नसते!’ लोक माना डोलावतात. एवढा शहाणा माणूस मी!

वयाची तिशी उलटलेली आणि लग्नाचा पत्ता नाही. मुली बघून बघून आमच्या आईच्या चपला झिजल्या. शेवटी लोणखेड्याची कविता बघितली. तिथल्या कॉलेजच्या लायब्ररीत कामाला. पोहे झाले, बोलणं झालं, आणि मी असा काही विरघळलो, की पोह्यांत मीठ होतं की नव्हतं हे आजही आठवत नाही. मध्यस्थ होते तिचे भिकामामा. ‘कळवतो’ म्हणाले आणि गप्पच बसले.

अशात एका सकाळी शटर वर करतोय, तोच भिकामामांच्या नंबरवरून व्हॉट्सअॅप आलं. ‘आमच्याकडे शुभविवाह. अवश्य यावे.’ खाली फाइल. नाव काय? लग्नपत्रिका!

अहो, शटर अर्ध्यावरच सोडलं! म्हणजे कविताचं जमलं? दुसरीकडे? कोण तो? मास्तर? तलाठी?

आता त्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे ती पत्रिका नाही, फोटो नाही, थेट अॅप. हे मला माहीत नव्हतं? रोज लोकांना हेच तर सांगतो! पण त्या क्षणी मला फक्त नवरदेवाचं नाव बघायचं होतं.

फोन म्हणाला, ‘ही फाइल धोकादायक असू शकते.’ म्हटलं, असू दे. फोन म्हणाला, ‘मेसेज वाचायची परवानगी?’ दिली. ‘कॉन्टॅक्ट बघायची?’ बघ बाबा. त्याने किडनी मागितली असती, तरी मी ‘अलाऊ’ दाबलं असतं!

पत्रिका काही उघडली नाही. फोन मात्र तव्यासारखा तापला. आणि वाजायला लागला.

पहिला फोन अक्कलकुव्याचा, हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याचा. माझं जुनं गिऱ्हाईक.

“संजूभाऊ, पत्रिका उनी! उघडी नही ऱ्हायनी, पन मी येसू!”

“कुणाच्या लग्नाला?”

“तुन्हाच! अजून कोन्हा?”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझ्या फोनने तीच पत्रिका माझ्या सगळ्या ओळखीपाळखीच्यांना पाठवली होती. आणि आमच्या घरात लग्नाचं उरलेलं माणूस एकच. मी!

“उघडू नका ती! फ्रॉड आहे!” मी ओरडलो.

“लाजस का रे भो?” म्हणून त्यांनी हसत हसत फोन ठेवला.

पुढचा फोन घेणार, तोवर आई दुकानात हजर. पदर खोचलेला, डोळे लाल.

“कोन शे ती?”

“कोण?”

“तुन्ही मावशीना फोन उना. पोऱ्यानं लगीन शे आनि मायले पत्ता नही! मी काय मरी गयी का?”

“माय, लगीन नही, फसवणूक शे!”

“फसवनूक तर शेच! मन्ही!”

आता हिला काय समजावणार? आणि तेवढ्यात स्क्रीनवर ओटीपी आला. पाठोपाठ दुसरा. कुणीतरी माझ्या दुकानाच्या खात्यात शिरत होतं. व्यापाऱ्याला द्यायचे सगळे पैसे तिथेच! खोटं सांगत नाही, त्या क्षणी कविताही डोक्यातून गेली.

तापलेल्या फोनचं नेट बंद केलं, सिम बाहेर काढलं. आईचा साधा फोन हिसकावला आणि सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला सगळं सांगितलं. मग बँकेला फोन. नंबर नेटवर शोधला नाही बरं का, कार्डाच्या मागे छापलेला होता तोच लावला. ‘खातं गोठवा!’

आई शेजारीच उभी. “पोरगीनं नाव तरी सांग!”

“थांब ना माय, बँकेचा माणूस बोलतोय.”

“त्याले बी पत्रिका धाडी का?”

पैसे वाचले. लगेच कळवलं म्हणून वाचले, असं बँकवाला म्हणाला. मी दुकानाच्या शटरवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘माझे लग्न नाही. पत्रिका उघडू नये.’ लोकांनी त्याचाही फोटो काढून गावभर फिरवला!

मग तक्रार द्यायला पोलीस स्टेशनात गेलो. तर बाकावर कोण? भिकामामा! तेही तक्रारीलाच आलेले. त्यांनी आदल्या दिवशी वीजबिलाची कसलीशी फाइल उघडली होती, आणि तिथून हा सगळा रोग सुटला होता. पण मला बघताच ते उसळले.

“आम्हनी पोर देखी गया, आनि दुसरीकडे लगीन ठराई लिधं?”

“मामा, पत्रिका तर तुमच्याकडून आली!”

“मन्हाकडतीन? तुन्हाकडतीन उनी!”

हवालदाराने टेबलावर हात आपटला. “दोघांकडेही लग्न नाही ना? मग बसा खाली!”

तक्रार लिहिता लिहिता त्याने मला विचारलं, “मोबाईलवाले ना तुम्ही? एपीके कळत नाही?”

“कळतं.”

“मग उघडली कशाला?”

मी मामांकडे बघितलं. पंख्याकडे बघितलं. इलाजच नव्हता.

“कविताचं कुणाशी जमलं, ते बघायचं होतं.”

पेन थांबलं. मागच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांच्या मिशा थरथरायला लागल्या. रागाने नव्हे, हसू दाबून.

“असंच लिहू?” हवालदार म्हणाला.

“लिहा.”

मामांनी घरी जाऊन हे तिखटमीठ लावून सांगितलं. त्याच आठवड्यात आईच्या फोनवर कविताचा फोन आला. आईने तो माझ्या कानाला लावला.

“माझा होकार आहे,” ती म्हणाली. “माणूस बावळट आहे, पण मनापासून बावळट आहे. अट एकच. दुकानाच्या खात्याला मोबाईल नंबर माझा, ओटीपी मलाच येणार.”

लग्न झालं. खरं! आजही गिऱ्हाईक येतं, फोन पुढे करतं, “भाऊ, हाऊ मेसेज खरा शे का खोटा?” मी चष्मा सारखा करतो, मेसेज शेवटपर्यंत वाचतो, तज्ज्ञासारखा हुंकार भरतो आणि म्हणतो,

“बसा जरा. घरी विचारून सांगतो.”