एकाच गेमवर दोन मतं

जुन्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमवर मी पुस्तक लिहिलंय, हे ऐकून मंगरूळपीरच्या एसटीत बाया हसतात. हसू द्या. तो गेम आमच्या घरी लेकरांसाठी आला. लेकरं मोठी होऊन पुण्याला गेली आणि रिमोट माझ्या हातात राहिला. कोणता गेम चांगला, कोणता निव्वळ डोकेदुखी, हे मी वहीत लिहीत गेले. त्याचंच हे पुस्तक. पहिल्याच पानावर ठणकावून लिहिलं होतं, की यातला प्रत्येक गेम मी शेवटपर्यंत खेळले आहे.

छापायला द्यायच्या आधी कागद धाकट्या जावेकडे दिले. ती ओसरीवर वाचत बसली आणि मधेच थांबली.

"बाई, हा डोंगर चढाचा गेम तुमी लेकरायसाठी एक नंबर म्हनला. अन् इथं सत्तेचाळीस नंबरले बी तोच डोंगर, अन् म्हनता, बनवनाऱ्याले अक्कल नाई."

"मंग? दोन गेम हायेत ते."

"कायचे दोन? लावा बरं टीव्ही."

लावला. तोच पिवळ्या बंडीतला माणूस, तोच डोंगर! त्या कॅसेटवर नावं शंभर, पण खरे गेम वीस-बावीसच. बाकी तेच गेम नाव बदलून, मधल्याच लेव्हलपासून सुरू होणारे. सत्तेचाळीस नंबर म्हणजे पहिल्याच गेमची दहावी लेव्हल. आणि पहिल्या गेमात मी दहावीपर्यंत कधी गेलेच नव्हते. नववी झाली, की झाला गेम, असं धरून बसले होते.

"शेवटपर्यंत खेळल्या म्हने!" जावेनं पदर तोंडाला लावला. "ते पयलं पान काढून टाका ना. कोन पाह्यते?"

"काहून काढू? खेळून दाखवतो ना तुले."

वाशिमच्या छापखान्याला फोन करून थांबायला सांगितलं. दुपारची जेवणं आटोपली, की आम्ही दोघी टीव्हीपुढे. दहाव्या लेव्हलला बर्फ आहे. तिथं आधी उडी मारायची नाही, पाय घसरायला लागला की मारायची, हे कळायला सहा दिवस गेले. शेवटी माणूस शिखरावर पोचला आणि एवढासा झेंडा हलला.

"इतक्यासाठी?" जाऊ म्हणाली.

सत्तेचाळीस नंबरचं पान मी काढलं. पहिल्या गेमपुढे लिहिलं: नवव्या लेव्हलपर्यंत लेकरांना द्या, पुढे मोठ्यांनी बसावं, बर्फावर घाई करू नये. मग सगळी नावं पुन्हा लावून पाहिली, तर शेवटपर्यंत न खेळलेले आणखी तीन गेम निघाले. छापखानेवाले रोज फोन करून राह्यले. त्या तिनांतले दोन गेम झाले, तिसऱ्यात आम्ही सातव्या लेव्हलवर आहोत.