घोंगडीखालचा दिवा

साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात हवेतून वीज काढणारा माणूस एकच, आणि तो माझा धाकटा साळा आहे, हे मी ओळख नसलेल्यांनाही सांगत असतो. त्याची तांब्याची तार तोडून कापसाचं गठुडं बांधणाराही एकच. तो कोण, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही. लिंबाच्या झाडावर चार वाव लांब तार रिकामी लोंबताना दिसली, मला वाटलं, सासुरवाडीत काही कामाचं करावं. साळ्यानं गठुडं निरखलं. "दाजी, गाठ मजबूत हाये. आता कापसाले कान लावा, बातम्या येतीन."

त्याचं म्हणणं एवढंच, की आमच्याकडे रेडिओचा मनोरा उभा झाल्यापासून त्याच्या लाटा भिंतीतून, बैलातून, माझ्या टकलातून आरपार जाऊन राह्यल्या आणि कोणी अडवत नाही म्हणून वाया चालल्या. त्या पकडून त्यांची वीज करायची. बिनसेलचा रेडिओ तर त्यानं कधीच केला होता. माझ्या पुतणीच्या लग्नात मांडवाच्या लोखंडी खांबाला तार जोडून हा ऐकत बसला आणि ऐन मंगलाष्टकांत ओरडला, "कापसाचा भाव चढला!" निम्मं वऱ्हाड अक्षता मुठीत धरून त्याच्याभोवती.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे पटेना. त्यांनी निकाल दिला, "पोळ्यापावतर दिवा लागला तं ठेव तुह्या तारा. नाई तं सारं भंगारात, अन् तू वखरावर."

मनोऱ्याला लागूनच सासऱ्यांचं शेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिथं गाव जमलं. साळ्यानं तार ताणली, लाटांची वीज करते म्हणे अशी जुन्या रेडिओतली एक बारीकशी कांडी जोडली, तिला इवलासा लाल दिवा. कोणालाच काही दिसेना. "भर उन्हात काऊन बोलावलं रे दिवा पाहाले?" मागून कोणीतरी ओरडलं. गाव हसलं. साळा माझ्याकडे पाहू लागला. पंचांग उघडून दुपारचा मुहूर्त मीच काढला होता.

त्यानं बांधावरची घोंगडी उचलली, डोक्यावर घेतली. "बाबा, आत या." मामाजी कुरकुरत शिरले. बाहेर नुसते चार पाय. ते काही हलेनात. गावाचं हसू विरलं. बऱ्याच वेळानं मामाजी डोळे चोळत निघाले.

"जवारीच्या दाण्याएवढा हाये," ते म्हणाले. "पण हाये."

मग रांग लागली. घोंगडीचं टोक मामाजींनीच धरलं होतं. मी तीनदा आत जाऊन आलो.

घरी येताना मी बायकोला म्हटलं, "एवढुसा दिवा पाहायला मामाजींना इतका वेळ काऊन लागला?"

"दिवा तं त्याईले लगेच दिसला असन," ती म्हणाली. "त्याच्या उजेडात पोराचं तोंड पाहून राह्यले असतीन."